चष्मेवाला खेकडा

लग्न झाल्यावर नणंदेच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले, तेव्हा तिनं खेकडे केले होते. मी नवी नवरी, अगदी जपून खात होते. नणंद समोर बसून माझ्या ताटाकडे सारखी टक लावून बघत होती. मला वाटलं, वाढलेलं संपवते की नाही यावर लक्ष ठेवतेय. शेवटी ती म्हणाली, "अगं, नांगी सांध्यात नको मोडूस. मधे फोड. सांधा मला हवाय." जेवणं झाल्यावर तिनं सगळ्यांच्या ताटांतली कवचं गोळा केली, नळाखाली बसून जुन्या टूथब्रशनं घासली आणि खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घातली. परत येताना मी नवऱ्याला विचारलं, "तुमच्या बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे ना?" तो म्हणाला, "ठिकाणावर आहे. ठिकाण जरा लांब आहे."

किती लांब ते मला हळूहळू कळलं. ताई (मी तिला ताईच म्हणते) खेकड्यांची शास्त्रज्ञ आहे. खेकडे, कोळंबी, शेवंडं, असे अंगावर कवच वागवणारे जेवढे म्हणून प्राणी आहेत ते सगळे तिचे. त्यातही दोन तऱ्हेचे. एक पाण्यातले जिवंत आणि दुसरे माणूस जन्माला यायच्या फार आधी गाळात गाडले जाऊन दगड झालेले. सासूबाई लोकांना "मुलगी कॉलेजात शिकवते" एवढंच सांगायच्या. पुढे कोणी विषय विचारला तर त्यांना एकदम काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवायचं.

तिची खोली कॉलेजच्या इमारतीत तळमजल्यावर, बोळकांडीच्या अगदी टोकाला. तळमजल्यावर अशासाठी की वरच्या मजल्याला त्या दगडांचं ओझं पेललं नसतं. डाव्या भिंतीला लोखंडी कपाटं, त्यांना उथळ खण, खणांत औषधांच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या आणि डब्यांत कापसावर निजवलेले खेकडे. उजव्या भिंतीला काचेच्या टाक्या, त्यांत खारं पाणी आणि दिवसभर बुडबुडणारा पंप. एका बाजूला मेलेले, दुसऱ्या बाजूला जिवंत आणि मधे टेबलाशी ताई. तिच्या हातात हवेवर चालणारी एक सुई असते. ती घरघरत दगड कोरते. ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. मी एकदा तास बुडवून तिच्याकडे बसले होते (मी शाळेत गणित शिकवते, माझा तास बुडाला की पोरांना आनंदच होतो), तेव्हा ती एका दगडातून खेकड्याचा पाय मोकळा करत होती. मी चहा प्याले, पेपर वाचला, दोन वर्गांच्या वह्या तपासल्या. पाय अजून गुडघ्यापर्यंतच आला होता. ताईच्या चेहऱ्यावर मात्र असं समाधान की बघून मला हेवाच वाटला.

"दोन्ही कशाला हवेत हो तुम्हाला?" मी विचारलं. "मेलेले तरी ठेवा, नाहीतर जिवंत तरी."

"दगडातला काही बोलत नाही," ती म्हणाली. "तो कसा चालायचा, काय खायचा, कोणाशी भांडायचा, हे त्याच्या आजच्या भावकीलाच विचारावं लागतं."

तिच्या धंद्यात एक मोठी फसगत असते, ती मला समजायला वेळ लागला. खेकडा वाढतो, पण त्याचं कवच वाढत नाही. अंगाला घट्ट व्हायला लागलं की तो ते मागच्या बाजूनं उघडतो, पाठमोरा बाहेर निघतो आणि मऊ अंगानं कुठंतरी दडून बसतो, नवं कवच कडक होईपर्यंत. सापासारखी त्याचीही कात पडते. साप मागे नुसती कातडी ठेवतो, हा मात्र पाय, नांग्या आणि डोळ्यांवरच्या टोप्यांसकट अख्खा खेकडा मागे ठेवून जातो. एक खेकडा आयुष्यात पुष्कळ काती टाकतो आणि मरतो एकदाच. त्यामुळे दगडात जे सापडतं त्यात मेलेले कमी आणि काती फार. म्हणजे ताईच्या कपाटात जे निजलेत, त्यातले बरेचसे मालक तेव्हा जिवंत होते आणि दुसरीकडे मजेत होते.

आता भावोजींविषयी. माझा नवरा बहिणीच्या नवऱ्याला भावोजी म्हणतो म्हणून मीही तेच म्हणते, पण गावाला ते चष्मेवाले म्हणूनच माहीत. कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. इतकं चिंचोळं की अक्षरांचा तक्ता वाचायला गिऱ्हाईकाला पायरीवर उभं राहावं लागतं. ताईच्या भिंगाचा स्क्रू ढिला झाला म्हणून ती त्यांच्याकडे गेली. त्यांनी स्क्रू बसवला आणि सहज विचारलं, "याच्यातून काय बघता?" तिनं पर्समधून दगड काढला. पर्समधून दगड काढणारी बाई त्यांनी तोवर पाहिली नव्हती. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, "याचे डोळे कुठं असायचे?" ताईच्या मते लग्न तिथंच ठरलं. भावोजींच्या मते त्यानंतर तिला आणखी दोन चष्मे मोडावे लागले.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला तो खेकडा सापडला. गावाबाहेर कौलांचा एक बंद पडलेला कारखाना आहे. त्याच्यामागे जिथून माती काढायचे ती खाण आहे. तिथल्या गाळाच्या दगडात तिला नखाएवढी कवचं मिळाली. दोन्ही डोळ्यांच्या खोबणींभोवती एकेक उंच, गोल कडं आणि मधे दोन्ही कडी जोडणारी रेघ. असा खेकडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिनं सगळं धुंडाळलं, जाणकारांना चित्रं पाठवली. शेवटी ठरलं की ही नवी जात आहे आणि जिला सापडली तिनं नाव द्यायचं. शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या जातीचा. त्या दुसऱ्या जागी ताईनं नवऱ्याचं नाव घातलं. चष्म्यासारखी कडी आणि चष्मेवाल्याचं नाव, याहून चपखल ते काय असणार!

वर्तमानपत्रवाल्यानं मात्र कहर केला. त्यानं बातमी दिली, "चष्मा लावणारा खेकडा सापडला." महिनाभर लोक दुकानाशी थांबून चौकशी करत होते. एकानं तर गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "नंबर किती निघाला हो त्याचा?" भावोजी कसले रागावतात! त्यांनी दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली आणि तिच्यावर गोल चष्मा घातलेला खेकडा काढायला लावला. तो खेकडा रंगाऱ्यानं जरा मिशाळ काढलाय, पण भावोजींना तो पसंत आहे.

त्या दोघांना मूल झालं नाही. दवाखाने झाले, औषधं झाली, लोकांचे फुकटचे सल्ले तर विचारूच नका. ताई दगडांत रमली. भावोजी कशात रमले ते मला कधी नीट कळलं नाही. हसरा माणूस, त्याच्या पोटातलं कोणाला दिसत नाही. एकदा एका लग्नात त्यांच्या काकूंनी सगळ्यांसमोर सूर लावला, "तुझं सगळं छान आहे रे, पण नाव कोण चालवणार तुझं?" माझ्या जिभेवर उत्तर अगदी तयार होतं. पण भावोजींनीच खिशातून त्या खेकड्याचा फोटो काढला आणि काकूंच्या हातात दिला. "हा चालवतो की! जरा तिरकं चालवतो, एवढंच." सगळे पोट धरून हसले, काकूसुद्धा. मी त्यांच्या शेजारी उभी होते. फोटो परत ठेवताना त्यांना बराच वेळ खिसा सापडेना. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी उगाचच काकूंच्या साडीला नावं ठेवायला लागले.

वर्षं गेली. ताईचे केस पिकले. तिनं पुष्कळ काम केलं, शेवंडांवर एक जाडजूड पुस्तकही लिहिलं, पण घरात आणि गावात ती ओळखली गेली ती चष्मेवाल्या खेकड्यामुळेच. निवृत्तीचं वर्ष जवळ आलं तेव्हा तिला आणखी एक आनंदाची गोष्ट मिळाली. खाडीच्या खोल गाळात तिला जिवंत, इवलेसे खेकडे सापडले आणि त्यांच्या डोळ्यांभोवती तशीच कडी! "चष्मेवाल्याचे वंशज आहेत हे," ती मला फोनवर ओरडून म्हणाली. "अगं, वंश चालू आहे अजून!" मागून भावोजींचा आवाज आला, "पेपरात देऊ नकोस म्हणावं, नाहीतर परत नंबर विचारतील."

कॉलेजातली टाकी गळत होती म्हणून ते खेकडे घरी आले. बैठकीतल्या टीव्हीची जागा त्यांना मिळाली आणि टीव्ही गेला कपाटावर. भावोजी त्यांना "मंडळी" म्हणायचे. दुकान बंद करून आले की हात धुऊन आधी मंडळींना खायला घालायचे, मग स्वतः जेवायचे. त्यातल्या एकाचं नाव त्यांनी मॅनेजर ठेवलं होतं, कारण तो काहीच न करता एक नांगी वर करून दगडावर बसायचा.

एका दुपारी मला भावोजींचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "अगं, जरा येतेस का? मॅनेजर गेला."

मी होते तशी निघाले. भावोजी टाकीसमोर स्टूल घेऊन बसले होते. वाळूवर मॅनेजर निपचित पडला होता. पाय पसरलेले, नांगी आडवी. "सकाळी चांगला होता," ते म्हणाले. "मी जास्त खायला घातलं का गं? पाणी बदलायला उशीर झाला का?" मीही हळहळले. खेकड्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू, भावोजींसाठी. "ताईंना कसं सांगायचं?" यावर आम्ही दोघांनी खूप खल केला. आधी चहा द्यायचा, मग सांगायचं, असं ठरलं.

ताई आली, आमची तोंडं बघून दारातच थांबली. "काय झालं? कोण गेलं?"

"मॅनेजर," भावोजी म्हणाले.

तिनं टाकीत डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग जी हसायला लागली ती थांबेचना. "अहो, कात आहे ती! मागनं उघडलीय बघा. जन्मभर माझ्या तोंडून हेच ऐकताय ना तुम्ही?" तिनं बाही सरसावून पाण्यात हात घातला आणि कोपऱ्यातली फुटकी कुंडी उचलली. खाली मॅनेजर बसला होता, आधीपेक्षा मोठा, ओलसर, नुकत्याच अंघोळ घातलेल्या बाळासारखा. आमचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांचे खेकडे कात टाकतात, आपला मात्र मेलेलाच वाटतो, दुसरं काय! भावोजी चहा टाकायला धावले. आनंदाच्या भरात त्यांनी दोनदा साखर घातली.

मी ताईकडे बघत होते म्हणून मला दिसलं. तिनं गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि मॅनेजरला बघितलं. मग कात बाहेर काढून ती बघितली. परत मॅनेजरला बघितलं. तिचं हसू मावळलं.

"काय हो?" मी विचारलं.

"काही नाही. ओला आहे अजून." भावोजींनी आणलेला तो गोडमिट्ट चहा तिनं हातात धरला, पण प्यायली नाही.

एक-दोन महिन्यांनी तिनं मला कॉलेजात बोलावलं, दार लावून घेतलं आणि टेबलावर तीन डब्या मांडल्या. पहिलीत तिचा नखाएवढा चष्मेवाला होता. दुसरीत तळहाताएवढा, गुळगुळीत पाठीचा खेकडा, त्याच खाणीतला. तो तिच्या म्हाताऱ्या सरांनी कितीतरी आधी शोधून काढला होता आणि नावही त्यांनीच दिलं होतं. तिसऱ्या डबीत मधल्या आकाराची दोन कवचं होती. त्यांच्या डोळ्यांभोवती कडी होती, पण पुसट.

"ही मी झिजलेली समजून बाजूला टाकली होती," ताई म्हणाली. "झिजलेली नाहीत. पोर मोठं होतंय."

मग तिनं सगळं सांगितलं. मॅनेजरनं कात टाकली तेव्हा नव्या कवचावर कडी नव्हतीच. टाकीतल्या बाकीच्या मंडळींचंही तसंच झालं. वंशज म्हणून आणलेली ती मंडळी म्हणजे बाजारात टोपलीनं मिळणाऱ्या खाडीतल्या साध्या खेकड्यांची पिल्लं निघाली. इतकी बारीक पिल्लं कोणी विकायला आणत नाही, म्हणून ती कोणी नीट बघितलीच नव्हती. आणि आज खाडीत जे घडतं तेच त्या दगडांच्या काळीही घडलं होतं. सरांचा गुळगुळीत खेकडा आणि ताईचा चष्मेवाला हे एकच. चष्मेवाला म्हणजे त्या गुळगुळीत खेकड्याचं लहानपण.

"काती दोन होत्या," ती म्हणाली. "मी त्यांच्या जाती दोन केल्या. घरातल्याच बाळाला मी शेजाऱ्यांचं समजून वेगळं नाव देऊन बसले."

"मग आता?"

"ज्याचं नाव आधीचं ते राहतं. सरांचं राहील."

"आणि भावोजींचं?"

"जाईल."

मी भडकले. गणित शिकवणाऱ्या बाईनं असं बोलू नये, पण बोलले. "ताई, तुम्ही यंदा निवृत्त होताय. या तीन डब्या कोण उघडून बघणार आहे? मूग गिळून गप्प बसा. दगडांना काय फरक पडतो!"

"मला कळलंय ना पण," ती म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, ती रडायला लागली. "खेकड्याचं काय ते मी लिहीन गं. लोक हसतील, हसू देत. यांना काय सांगू? मूल देता आलं नाही मला. एवढी एकच गोष्ट दिली होती, तीही आता माझ्याच हातानं काढून घ्यायची." माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढच्या रविवारी तिनं त्यांना सांगितलं. मी तिथं असावं असा तिचा हट्ट होता, म्हणून मी होते. जेवणाच्या टेबलावर तिनं त्या डब्या मांडल्या आणि वर्गात शिकवते तसं अगदी सरळ, पहिल्यापासून सांगितलं. भावोजी चष्मा काढून पुसत ऐकत होते. तो पुसून लख्ख झाला तरी ते पुसतच होते.

"म्हणजे पाटी उतरवायची," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

ताई जागची हलली नाही. तिथूनच म्हणाली, "अहो, नाव पुसत नाहीत. सरांच्या नावाखाली तुमचं नाव कायम छापतात. याला पूर्वी असंही म्हणत, म्हणून."

"बारीक अक्षरात," गॅलरीतून आवाज आला.

"हो," ताई म्हणाली. खोटं बोलायला तिला कधी जमलंच नाही. मला अगदी तिथून पळून जावंसं वाटत होतं.

जरा वेळानं ते आत आले. टेबलाशी बसले, तिच्या गळ्यातलं भिंग मागून घेतलं आणि नखाएवढं कवच डोळ्यांजवळ धरलं. "ही कडी सगळ्यांनाच असायची?" त्यांनी विचारलं. "की एखाद्यालाच?"

"सगळ्यांना. लहानपणी सगळ्यांना."

"त्या खाणीतल्या सगळ्या पोरांना?"

"सगळ्या पोरांना."

"आणि मोठी झाली की जायची."

"हो. थोड्या काती टाकल्या की."

"म्हणजे मोठी झाली की ती सरांची."

"हो, सरांची," ताई म्हणाली.

भावोजींनी कवच परत कापसावर ठेवलं, अगदी हळू. "आणि तोवर माझी," ते म्हणाले.

भावोजी उठले, नळाखाली हात धुतले आणि खाण्याचा डबा घेऊन टाकीकडे गेले. मंडळींची वेळ झाली होती.